भिडू निवडताना

शेजारच्या काकांचा बारा वर्षांचा कॉम्प्युटर बंद पडला, त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. फोटो मुलाने वेळेवर काढून ठेवले होते आणि बँकेचं काम ते अजूनही बँकेत जाऊनच करतात. नवा कॉम्प्युटर आला आणि तिसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली, "अरे, ह्यात बुद्धिबळ कुठे ठेवलंय ते जरा दाखव."

ते ठेवलेलंच नव्हतं. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्याबरोबर ‘चेस टायटन्स’ नावाचा खेळ यायचा. विंडोज ८ पासून तो गेला. काका मात्र इतकी वर्षं रोज दुपारी चहाच्या आधी त्याच्याशी दोन डाव टाकत आले होते. त्याला दहा पातळ्या होत्या आणि काका चौथीवर मुक्काम ठोकून होते. पाचवी का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चौथीवाला माझ्यासारखाच आहे रे. कधी मी चुकतो, कधी तो."

आता तो चौथीवाला कायमचा गेला म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं, मग सगळ्यात भारी असेल ते टाक."

मिक्सर घ्यायला गेलेला माणूसही हेच म्हणतो. पण बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरपुरता हा प्रश्न निकालात निघून बरीच वर्षं झाली. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या कास्पारोवला सामन्यात हरवलं तेव्हा त्या यंत्राची दोन उंच कपाटं होती आणि ते सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत होतं. २००६ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’शी सहा डाव खेळला. हे तर दुकानात विकत मिळणारं सॉफ्टवेअर. क्रामनिक ४-२ असा हरला, आणि दुसऱ्या डावात एका चालीत होणारी मात त्याला दिसलीच नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम मोबाइल फोनवरून खेळला आणि त्याने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. तो सेकंदाला वीस हजारसुद्धा स्थिती तपासत नव्हता, म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकंही त्याचं मोजकाम नव्हतं. कुठल्या चाली बघायच्याच नाहीत हे त्याला कळत होतं.

माणसांमधलं आजवरचं सर्वांत वरचं मानांकन मॅग्नस कार्लसनचं, २०१४ मधलं २८८२. खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनांच्या, स्वतंत्र याद्या असतात आणि त्यांत वरची मंडळी ३५०० च्या पुढे असतात. दोन्ही याद्या एकाच फूटपट्टीने मोजलेल्या नाहीत हे खरं, पण आपल्याला त्याचं काय? समोरचा पैलवान हिंदकेसरी आहे की महाराष्ट्र केसरी, याने आपली पाठ मातीला लागायला लागणारा वेळ बदलत नाही. आणि हे हिंदकेसरी आज फुकट मिळतात. म्हणून काकांना म्हटलं, भारी असेल ते मी टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला हवंय ते शोधायला मात्र वेळ लागेल.

पहिला गोंधळ इंजिनावरून होतो. लोकांना ‘स्टॉकफिश’ हे नाव ऐकून माहीत असतं, ते जाऊन तेच उतरवून घेतात, डबल क्लिक करतात आणि समोर एक काळी खिडकी उघडते. तिच्यात इंजिनाचं नाव लिहिलेली एक ओळ आणि खाली लुकलुकणारी रेघ. पट नाही, प्यादी नाहीत. माणूस वाट पाहतो, मग फाइल खराब आली म्हणून उडवून टाकतो. फाइल बरी असते. त्या खिडकीत नुसतं ‘डी’ हे इंग्रजी अक्षर टाइप करून एंटर मारलं तर ते आडव्या-उभ्या रेघांचा पट काढून दाखवतं. ‘गो डेप्थ २०’ असा हुकूम दिला की आकड्यांच्या ओळी धडाधड वर सरकतात आणि शेवटी ‘बेस्टमूव्ह’ या शब्दापुढे एक चाल येते. इंजिन एवढंच करतं. त्याच्याकडे डोकं आहे, पण हात नाहीत.

हात म्हणजे पट दाखवणारा प्रोग्रॅम. तो मोहरी काढतो, घड्याळ लावतो, तुमची चाल इंजिनाला कळवतो आणि त्याची चाल पटावर करून दाखवतो. दोघांनी बोलायची भाषा ठरलेली आहे. तिला ‘यूसीआय’ म्हणतात. ‘श्रेडर’ या इंजिनाचा कर्ता श्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी ती २००० साली मांडली आणि त्यामुळे घरच्या खेळाडूची फार मोठी सोय झाली. पट एकाचा, डोकं दुसऱ्याचं, असं जुळवता येऊ लागलं. एका पटाला पाच इंजिनं जोडा, कंटाळा आला की पट बदला, इंजिनं तीच ठेवा.

स्टॉकफिशचा जन्मही अशाच जुळवाजुळवीतला. नॉर्वेच्या तोर्द रोमस्टॅडने ‘ग्लाउरुंग’ नावाचं इंजिन लिहिलं होतं आणि ते सर्वांना खुलं ठेवलं होतं. इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने २००८ मध्ये ते घेऊन पुढे वाढवलं. नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजतो तो सुकवलेला कॉड मासा, म्हणून नाव स्टॉकफिश. वसई-वर्सोव्याकडे हे काम झालं असतं तर जगज्जेत्या इंजिनाचं नाव सुका बोंबील पडायला हरकत नव्हती. २०१३ पासून जगभरचे हौशी लोक आपल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ त्याच्या चाचण्यांसाठी देतात. कोणी एक ओळ बदलली की नवं आणि जुनं रूप एकमेकांशी हजारो डाव खेळतात आणि फायदा दिसला तरच ती ओळ राहते. २०२० मध्ये त्यात छोटं न्यूरल नेटवर्क आलं. ते तंत्र मूळचं जपानी बुद्धिबळाचं, म्हणजे शोगीचं, यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेलं. ते साध्या प्रोसेसरवरच चालतं, म्हणून घरगुती कॉम्प्युटरला सोयीचं. ‘लीला चेस झिरो’ हे दुसरं बलाढ्य इंजिन मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तरच खुलतं. ते नसेल तर लीलाच्या नादी लागू नये.

उतरवून घेताना एकच सांभाळायचं. स्टॉकफिशच्या पानावर एकाच आवृत्तीच्या चार-पाच फाइली असतात, ‘एव्हीएक्स-२’ वगैरे नावांच्या. प्रोसेसरच्या वेगवेगळ्या पिढ्यांना कळणाऱ्या हुकमांच्या संचांची ही नावं आहेत. चुकीची घेतली तर काळी खिडकी उघडते न उघडते तोच मिटते. मग एक पिढी मागची फाइल घ्यायची. काकांच्या नव्या कॉम्प्युटरला ‘एव्हीएक्स-२’ चालली. माझ्या जुन्याला चालत नाही.

आता हात निवडायचे. विंडोजवर ‘अरेना’ हा फुकट पट फार वर्षं लोकांच्या वापरात आहे. दिसायला तो सरकारी कचेरीतल्या काउंटरसारखा, बटणंच बटणं, पण कुठलंही इंजिन निमूटपणे चालवतो. मॅक घेतलेल्यांना काहीच करावं लागत नाही, ‘चेस’ नावाचा खेळ त्यात आलेलाच असतो. तो साधा आहे आणि सहज खेळणाऱ्याला पुरतो. लिनक्सवाले आपलं आपण शोधून काढतात, त्यांना सल्ला दिलेला आवडत नाही.

काकांसाठी मी ‘लुकास चेस’ निवडला. स्पेनच्या लुकास मोंगे यांनी केलेला, फुकट, विंडोज आणि लिनक्सवर चालणारा. पहिल्यांदा उघडला की छाती दडपते. मेनूतून मेनू निघतात, जुन्या वाड्याच्या माजघरासारखं कुठून कुठे आलो कळत नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की बाकीचं सगळं माफ करावं. त्यात दुबळी इंजिनं आहेत. एकदोन नाहीत, अगदी नवशिक्यापासून चढत्या क्रमाने लावलेली चांगली फौज आहे.

दुबळेपणावर थोडं थांबायला हवं, कारण निवड चुकते ती इथेच. बलाढ्य इंजिनाला कमजोर करणं वाटतं तेवढं सोपं नाही. स्टॉकफिशमध्ये कौशल्याची ० ते २० अशी पट्टी आहे. ती खाली ओढली की इंजिन आतून अनेक चाली काढतं आणि मधूनमधून चांगली सोडून मुद्दाम वाईट चाल खेळतं. परिणाम विचित्र होतो. वीस चाली तुमच्यासमोर कसलेला उस्ताद बसलेला असतो, एकविसाव्या चालीला तो काहीएक कारण नसताना घोडा तुमच्या हातात देतो आणि बाविसाव्याला परत उस्ताद होतो. नातवाला जिंकू देणारा आजोबा निदान चेहरा पाडण्याचं नाटक तरी करतो. इथे तेही नाही. असा डाव जिंकून समाधान होत नाही आणि शिकायलाही काही मिळत नाही, कारण आपल्यासारखा माणूस तिथे चुकलाच नसता. तो दुसरीकडे चुकला असता. उंटाची लांबवरची नजर त्याला दिसली नसती, वजिराने शह देण्याचा मोह आवरला नसता, किल्लेकोट करायचा राहून गेला असता.

‘माया’ हे इंजिन याच दुखण्यावरचा उतारा आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये ते पुढे आणलं. लीलाच्याच साच्यातलं, पण लीलासारखं त्याला स्वतःशी खेळवून शिकवलेलं नाही. लिचेस या संकेतस्थळावर सामान्य माणसांनी खेळलेले लाखो डाव त्याला दाखवले, तेही मानांकनाप्रमाणे वेगळे काढून. ११०० च्या आसपासच्या खेळाडूंचे डाव पाहून एक माया तयार झाली, १२०० वाल्यांची दुसरी, अशा १९०० पर्यंत नऊ. त्या चांगली चाल शोधतच नाहीत. अमुक मानांकनाचा माणूस इथे काय खेळेल, एवढंच त्या सांगतात. म्हणून माया वेगळी उतरवून वापरणार असाल तर पटाच्या सेटिंगमध्ये ‘नोड’ची मर्यादा १ ठेवायची. जास्त विचार करू दिला की ती शहाणी होते आणि मजा जाते. ‘लुकास चेस’मध्ये ही मंडळी आधीच घातलेली आहेत, आणि मायाला ग्राफिक्स कार्डही लागत नाही. लीलाच्या नादी लागू नका म्हणून सांगितल्यावर तिची ही साधी बहीण घरी आणायला मी सांगतोय, हे माझ्या लक्षात आहे.

डाव संपल्यावर इंजिनाचा दुसरा उपयोग सुरू होतो, तपासनिसाचा. इथे मात्र स्टॉकफिशच हवं. ते प्रत्येक स्थितीला आकडा देतं. अधिक असेल तर पांढऱ्याचं बरं, उणे असेल तर काळ्याचं. हा आकडा प्याद्यांत मोजलेला असतो असं जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतं. २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ आवृत्तीपासून त्याचा अर्थ बदलला. अधिक १ म्हणजे तिथून इंजिन स्वतःशीच खेळलं तर पांढऱ्याच्या विजयाची शक्यता ५० टक्के. आपल्याशी त्याचा संबंध थोडाच. अधिक १ असलेली स्थिती मी काळ्याकडून कितीदा तरी जिंकलोय आणि पांढऱ्याकडून त्याहून जास्त वेळा हरलोय. आकडा किती आहे हे सोडून द्यावं, एका चालीत तो कुठून कुठे पडला ते बघावं. पडझड झाली त्या चालीपाशी आपण तेव्हा काय विचार करत होतो, ते आठवावं लागतं. हे काम इंजिन करून देत नाही.

आणि पंखा. एप्रिलच्या दुपारी लॅपटॉपवर इंजिन मोकाट सोडलं की पंखा असा घोंगावतो की घरातली माणसं येऊन बघून जातात. सेटिंगमध्ये ‘थ्रेड्स’ म्हणून आकडा असतो, तो प्रोसेसरच्या गाभ्यांच्या निम्मा ठेवावा. ‘हॅश’ म्हणजे मेमरी, ती २५६ एमबी दिली तरी घरच्या कामाला भरपूर. इंजिनाला काही सेकंद दिले की आपल्या चुका दाखवण्याइतकं त्याला सगळं दिसलेलं असतं.

आता तिसरी गरज, कपाटाची. आपले डाव ठेवायचे कुठे? इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. कॉलेजात असताना एका सॉफ्टवेअरमध्ये मी दोनेकशे डाव जपून ठेवले होते, स्पर्धांतले, मित्रांबरोबरचे, एक तर उभ्या आयुष्यात चांगला खेळलो तो. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं. त्याची फाइल त्याच्याशिवाय कुणालाच उघडत नाही, आणि ते नव्या विंडोजवर चालत नाही. फाइल अजून माझ्याकडे आहे, किल्ली हरवलेल्या ट्रंकेसारखी. म्हणून आता कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की मी आधी एकच बघतो, डाव ‘पीजीएन’मध्ये बाहेर काढता येतात का. स्टीव्हन एडवर्ड्सने १९९३ मध्ये ठरवलेली ही पद्धत म्हणजे निव्वळ मजकूर आहे. वर खेळाडूंची नावं, तारीख, निकाल, खाली चाली. नोटपॅडमध्येही वाचता येतो, आणि पन्नास वर्षांनीही वाचता येईल. डाव साठवायला आणि शोधायला ‘स्किड’ आणि त्यातून निघालेला ‘स्किड व्हर्सेस पीसी’ हे फुकटातले भक्कम प्रोग्रॅम. रूप गबाळं, काम चोख. त्यांत भरायला मार्क क्राऊदर १९९४ पासून चालवत असलेल्या ‘द वीक इन चेस’चे साप्ताहिक डाव मिळतात, आणि लिचेसने तर आपल्याकडचे अब्जावधी डाव उतरवून घ्यायला मोकळे ठेवले आहेत. ते सगळे घ्यायला जाऊ नका, डिस्क भरून जाईल.

मग पैसे कशाला द्यायचे? इंजिनासाठी तर नकोच. २०२१ मध्ये हॅम्बर्गच्या ‘चेसबेस’ कंपनीने ‘फॅट फ्रिट्झ २’ नावाचं इंजिन जवळजवळ शंभर युरोंना विकायला काढलं. आत स्टॉकफिश होतं, नेटवर्क तेवढं वेगळं. खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर विकायला मनाई नाही, पण त्याच्या अटी पाळाव्या लागतात. त्या पाळल्या नाहीत म्हणून स्टॉकफिशच्या लोकांनी म्यूनिकमध्ये दावा लावला आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. मात्र याच कंपनीचा त्याच नावाचा डेटाबेस प्रोग्रॅम ही निराळी गोष्ट. आनंदच्या पिढीपासून व्यावसायिक खेळाडू त्यावर तयारी करत आले आहेत आणि त्यांच्या मोठ्या संग्रहात एक कोटीहून जास्त डाव आहेत. घरातली मुलगी राष्ट्रीय स्पर्धा खेळत असेल, तिचा प्रशिक्षक त्यातल्या फाइली पाठवत असेल, तर तो घ्यावा. रविवारी खेळणाऱ्याने तेवढ्या पैशांत लाकडी पट आणि वजनदार मोहरी आणावीत.

लहान मुलांसाठी म्हणून शक्तिमान इंजिन शोधणारे पालक भेटतात. त्यांना मी गुकेशचं सांगतो. त्याच्या प्रशिक्षकाने, विष्णू प्रसन्न यांनी, ग्रँडमास्टरच्या पातळीला पोचेपर्यंत त्याला इंजिनापासून लांब ठेवलं होतं. सगळ्या मुलांना हे लागू पडेल असं नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला इंजिनाचा बाण दाखवत बसण्यापेक्षा लिचेसवरची कोडी बरी. तिथे लाखो कोडी आहेत, जाहिरात नाही, पैसे नाहीत. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच माणसाने २०१० मध्ये ते सुरू केलं. इंटरनेट नेहमी चालू असणाऱ्या घरात खरं तर तेवढ्यावर भागतं, काहीही बसवायची गरज नाही. आमच्या काकांना ब्राउझर आवडत नाही. त्यांना पडद्यावर एक चित्र हवं, ते दाबलं की पट यायला हवा.

बसवून झाल्यावर मी आणखी एक बदल केला. चाली इंग्रजी अक्षरांत येतात. तिथे ‘के’ म्हणजे राजा, म्हणून घोड्याला उरलं ‘एन’. ‘क्यू’ म्हणजे राणी, आणि आपल्या पटावर राणी नाहीच, तो वजीर. ‘बी’ म्हणजे बिशप, आपला उंट. काकांना हे घोकायला लावणं अन्याय होता. अक्षरांच्या जागी मोहऱ्यांची चित्रं दाखवण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते, ती चालू केली.

पहिला डाव काका ११०० वाल्या मायाशी खेळले. मी मागे उभा. सतराव्या चालीला तिने घोडा भलत्या घरात नेला, काकांनी प्याद्याने त्याला आणि हत्तीला एकदम दाबलं आणि ते मनापासून हसले. "असाच चुकायचा चौथीवाला." पुढच्या डावात त्यांनी आपलं प्यादं एकदम दोन घरं पुढे टाकलं, आणि मायाने ते शेजारच्या घरातल्या आपल्या प्याद्याने तिरकं जाऊन उचललं. काका खुर्चीत मागे रेलले. "हे बघ. तो टायटनही असंच करायचा. बारा वर्षं सहन केलं." त्यांच्या लेखी हा कॉम्प्युटरचा लबाडपणा होता. ते गावी वडिलांकडून देशी खेळ शिकलेले. त्यात प्यादं एकच घर चालतं, किल्लेकोट नाही, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. दोन घरं टाकणं ते कॉम्प्युटरकडूनच शिकले होते, आणि त्याची शिक्षाही त्याच्याचकडून खात होते.

"आपल्या नियमांनी खेळणारा मिळत नाही का?"

असं कोणी विचारेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन शोधलं. ‘फेअरी-स्टॉकफिश’ नावाची स्टॉकफिशचीच एक शाखा आहे, ती जगभरचे निरनिराळे बुद्धिबळाचे प्रकार खेळते, आणि एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपले नियम लिहून दिले तर तेही पाळते. प्याद्याची दोन घरांची चाल एका ओळीत बंद होते, आणि ती गेली की काकांना छळणारी ती तिरकी मारामारीही आपोआप जाते. किल्लेकोट दुसऱ्या ओळीत. पटही हे प्रकार समजणारा लागतो, त्यासाठी ‘विनबोर्ड’ बघतोय. राजाच्या उडीपाशी मात्र अडलोय. कंबोडियातल्या ‘ओक चात्रांग’ खेळात राजाला पहिल्या चालीत अशीच उडी असते आणि हे इंजिन तो खेळ खेळतं, तेव्हा तिथली ओळ उसनी घेऊन चालते का ते रविवारी करून बघणार आहे. काकांनी त्यांचे नियम एका कागदावर लिहून दिलेत. सातवा नियम असा आहे की प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होईल, आणि त्याच्यापुढे कंसात त्यांनी लिहिलंय, "हे वडिलांना विचारायला हवं होतं."